एका छपराखाली करडे आणि पिल्ले

जमीन नसलेल्या आपल्या कित्येक घरांत वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो तो परसातल्या दोन शेळ्या नि चार कोंबड्यांतून. जागा मात्र हातभर. मग करडे आणि कोंबडीची पिल्ले एकाच छपराखाली येतात. भगिनींनो, येऊ द्या. पण मध्ये जाळी हवीच.

करडांच्या उड्यांखाली पिल्ले चिरडतात, हे सर्वांना ठाऊक असते. खरा धोका खाद्याचा आहे. कोंबडीखाद्यात भरडलेले धान्य असते. पाला खाऊ लागलेल्या करडाने ते पोटभर खाल्ले की पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि करडू रात्रीत दगावू शकते. आपण मात्र दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळायच्या! खाद्याचे भांडे करडाचे तोंड पोहोचणार नाही इतके दूर ठेवा. जाळीच्या तळाशी फळी ठोका, म्हणजे पिल्ले पलीकडे जाणार नाहीत.

ओल पिल्लांना सोसत नाही. त्यांचा कप्पा उंचावर घ्या, तूस अंथरा. कोंबडीविना आणलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. थर्मामीटर नसला तरी चालेल. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, लांब पांगली तर उकाडा.

करडाला तासाभरात चीक पाजा, वार पडण्याची वाट पाहू नका. तीन महिन्यांनंतर पीपीआरची लस टोचून घ्या. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस द्यायची असते. तिची कुपी शंभर किंवा अधिक पिल्लांची येते आणि उघडल्यावर टिकत नाही. तेव्हा वस्तीतल्या चार-पाच घरांनी पिल्ले एकाच दिवशी आणावीत.