इंटरनेट जोडणी : माप, मोल आणि करार पारखून घ्या

व्यापार-उदीम करणाऱ्याच्या घरी इंटरनेटची जोडणी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक कापडाचे नमुने त्यावरूनच पाठवतो, मिरजेचा सतारमेकर परगावच्या गिऱ्हाईकाला तारेची जवारी त्यावरूनच ऐकवू शकतो. जीएसटीचे विवरणपत्रही त्यावरूनच भरावे लागते. असे असूनही सूत किंवा लाकूड घेताना चार दुकाने पालथी घालणारे आपले बांधव ही जोडणी मात्र दारात आलेल्या पहिल्या माणसाकडून घेऊन मोकळे होतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबर १९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. आज भारत संचार निगम, मोठ्या खासगी कंपन्या आणि मोहल्ल्यातील केबलवाला असे अनेक पुरवठादार समोर असतात. तेव्हा पारख करण्याची जबाबदारीही आपल्यावर आली आहे.

माप समजून घ्या

जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजेच ४० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट आणते. जाहिरातीत '४० पर्यंत' असे लिहिले असेल, तर तो वेग हमीचा नव्हे, कमाल मर्यादेचा असतो. नुसत्या 'ब्रॉडबँड' या शब्दावरही जाऊ नका. २०२३ च्या सरकारी व्याख्येनुसार किमान २ मेगाबिटची जोडणीही ब्रॉडबँड ठरते.

माल पाठवण्याचा वेग, म्हणजे अपलोड, वेगळा विचारावा. नमुन्याचे फोटो आणि व्हिडिओ पाठवणाऱ्या कारागिराला तोच जास्त लागतो. 'अमर्याद' लिहिलेल्या अनेक योजनांत ठरावीक वापरानंतर वेग घटतो. तो किती वापरानंतर आणि किती घटेल, हे विचारून घ्यावे.

हिशेब वर्षाचा करा

समजा, एक योजना महिना ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि जोडणीचे एकूण १,००० रुपये अशी आहे. वर्षाचा खर्च सुमारे ८,०६६ रुपये होतो. दुसरी योजना करासह ६०० रुपये आणि जोडणी मोफत अशी असेल, तर वर्षाला ७,२०० रुपये पडतात. दिसायला महाग असलेली योजना ८६६ रुपयांनी स्वस्त ठरली.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी बिलावर पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. धंद्यासाठी होणाऱ्या वापरापुरती कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना मात्र ती मिळत नाही.

शेजाऱ्याला विचारा

सर्वांत खरी माहिती त्याच गल्लीत, त्याच पुरवठादाराची जोडणी वापरणाऱ्याकडे मिळते. रात्री आठ ते अकरा, सर्वजण वापरत असताना, वेग टिकतो का? तार तुटल्यास माणूस किती दिवसांनी येतो? दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याची जोडणी २० तारखेला बंद पडली आणि भरणा लांबला, तर विलंबशुल्क दिवसाला ५० रुपये आहे. करभरणा असेल तर व्याज वेगळे. फायबरच्या डब्याला वीज लागते, हेही ध्यानात ठेवा. भारनियमनाच्या भागात त्याला इन्व्हर्टरची सोय हवी.

अटी लेखी घ्या

ज्या सौद्यात मालाचे स्वरूप वा अटी अंधारात राहतात, त्या 'गरर'च्या सौद्याला प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकराहमध्ये आहे. तोच दंडक येथेही पाळावा. अनामत किती, ती केव्हा परत मिळेल, डबा कोणाच्या मालकीचा, मुदतीपूर्वी जोडणी सोडल्यास उरलेले पैसे मिळतील का, हे सारे पावतीवर लिहून घ्यावे.

तक्रार केल्यास तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. 'ट्राय' वैयक्तिक तक्रारी निकाली काढत नाही, पण ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तेथे चालतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्यातून वगळली असली, तरी स्वतः राबून केवळ पोटासाठी धंदा करणारा कारागीर ग्राहकच मानला जातो.

वर्षाची रक्कम एकदम भरल्यास सवलत मिळते, पण घाई करू नये. आधी एक महिना वापरून पाहावे. माप पुरे भरले, तरच पुढचे पैसे मोजावेत.