डिझाइन प्रकल्पाचे सादरीकरण: कथा आणि ओळख
डिझाइन प्रकल्पाच्या सादरीकरणातली कथा म्हणजे कामाची रोजनिशी नव्हे. अडचण कोणाची होती आणि ती समजून घेताना मूळ प्रश्नच कसा बदलला, हे कथेने सांगायचे असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये हाती घेतलेला प्रकल्प याचे फार चांगले उदाहरण आहे. नेपाळसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करणे, हे त्यांचे काम. प्रत्यक्षात रुग्णालयातले इन्क्युबेटर रिकामे दिसले. अपुऱ्या दिवसांची बाळे दूरच्या खेड्यांत, घरीच जन्मत होती. प्रश्न किमतीइतकाच अंतराचाही निघाला. त्यातून बाळाला गुंडाळायची पिशवी घडली. तिच्यातला मेणासारखा पदार्थ एकदा तापवला की विजेशिवाय काही तास सुमारे 37 अंश सेल्सिअस ऊब टिकवतो. सगळे सादरीकरण प्रश्न बदलण्याच्या या एका वळणावर उभे राहू शकते. रेखाटने, साहित्य, फसलेले नमुने त्याच्या आधाराला येतात.

प्रकल्पाची ओळखही, म्हणजे नाव, बोधचिन्ह, रंग, कथेतूनच निघावी. या पिशवीचे ‘एम्ब्रेस’ (मिठी) हे नाव तंत्राऐवजी मायेची कूस सुचवते. बोधचिन्ह आधी आणि आशय नंतर ठरवला, तर ओळख निव्वळ सजावट होते. मोजके रंग आणि एकच अक्षरवळण फलक, स्लाइड व नमुना या तिन्हींवर कायम ठेवणे विद्यार्थ्यांना पुरेसे असते.