लगदा गुळगुळीत कसा होतो?

कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प इथल्या कुंभारांकडे मूर्ती बहुतेक शाडूची किंवा प्लास्टरची. कागदी लगद्याचं काम वजनाला हलकं, पण वाळलं की अंगभर पुटकुळ्या आणि खड्डे. नुसता रंग मारला तर ते लपत नाहीत, उलट उठून दिसतात.

खरी करामत अस्तराची. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे काढायचे. मग व्हाइटिंग पावडर, म्हणजे खडूची भुकटी, सरसात किंवा डिंकात दाट ताकासारखी कालवून ब्रशने एक हात द्यायचा. तो वाळल्यावर दुसरा, उभ्यावर आडवा. शेवटी २२० नंबरचा पेपर, नाकाडोळ्यांच्या खाचांत त्याचीच सुरळी करून. आत ओल राहिली तर अस्तराला तडे जातात, आणि कोल्हापूरचा आषाढ काही वाळवणाचा महिना नव्हे!

कागदी लगद्यात काम करणारे काश्मिरी कारागीरही सरस-खडूचाच थर देऊन घासतात.

मात्र कागदी मूर्तींना प्रोत्साहन देणाऱ्या राज्य सरकारच्या २०११ च्या निर्णयाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जलप्रदूषणाच्या कारणावरून स्थगिती दिली. तेव्हा लगदा मुखवट्यांना, सजावटीला वापरा. विसर्जनाच्या मूर्तीला नको.