पडलेला हात आणि मनगटावरचा काटा



आपल्या बोरी भागात 'अमक्याच्या अंगावरून वारं गेलं' असे कानावर आले की पुढचे काही विचारावे लागत नाही. कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू; डॉक्टर पक्षाघात म्हणतात. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि शरीराची एक बाजू पडते. हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाला होता. तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण तेच निघाले.

जे वाचतात त्यांचे काय? बहुतेकांचे पाय काही महिन्यांत थोडेफार चालू लागतात. हात मात्र मागे राहतो. आणि शेतकऱ्याचे सगळे पोट हातावर! ऊस तोडायचा तर एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात ऊस धरावा लागतो. मोळी एका हाताने बांधता येत नाही, भाकरीचे पीठ एका हाताने नीट मळता येत नाही. म्हणून या अंकात आम्ही हाताविषयीच लिहीत आहोत.

दवाखान्यात हलतो, घरी का हलत नाही?

उसाच्या कांड्यात साखर किती हे प्रयोगशाळा सांगते, पण पोत्यात किती उतरली ते उतारा सांगतो. दोन्ही आकडे एक नसतात, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. हाताचेही तसेच आहे. फिजिओथेरपिस्टसमोर रोगी पेला उचलून दाखवतो, ही झाली ताकद. घरी तोच माणूस दिवसभरात तो हात किती वापरतो, हा झाला उतारा. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, उपचाराने हाताची ताकद वाढली तरी घरातला वापर वाढेलच असे नाही.

याचे कारण एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवले. सुरुवातीला हात साथ देत नाही, म्हणून रोगी चांगल्या हाताने भागवतो. पुढे हातात जीव येतो, पण तोवर त्याला न वापरण्याची सवय जडलेली असते. त्यात घरची माणसे मायेने घास भरवतात, गुंड्या लावून देतात. "राहू द्या आबा, मी करते," असे सून म्हणते. माया खरी, पण तिने हात आणखी आळसावतो.

काटा कसा चालतो?

"हात वापरता का?" असे विचारले की रोगी म्हणतो, "वापरतो की!" तो खोटे बोलत नाही, पण अंदाज तो अंदाजच. गाडीतला ऊस डोळ्यांनी किती का भरेना, वजन काट्यावरच कळते. हाताचा असा काटा आता निघाला आहे. घड्याळासारखी एक लहान डबी दोन्ही मनगटांवर बांधतात. तिच्यात सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तुकडा सरकतो, त्याने विजेच्या मापात फरक पडतो आणि डबी त्याची नोंद ठेवते. फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्र आडवे होते, ते याच युक्तीने.

एका हाताचा आकडा एकटा उपयोगाचा नाही. दोन्ही हातांची तुलना करावी लागते. लँग यांच्या गटाने ७४ निरोगी माणसांच्या मनगटांवर दिवसभर अशा डब्या ठेवल्या. सरावाचा हात सरासरी सुमारे ९ तास हलला आणि दुसरा सुमारे साडेआठ तास. म्हणजे निरोगी माणूस दोन्ही हात जवळजवळ सारखेच राबवतो. रोग्याचा पडलेला हात यात किती कमी भरतो, ते आकड्यात दिसते आणि पुढच्या महिन्यात तो आकडा वाढला की नाही, तेही दिसते. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिवकुमार बालसुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी याच मोजणीवर काम केले आहे.

या काट्यालाही खोट आहे. चालताना हात नुसता झुलला तरी तो मोजला जातो. एस. टी. किंवा ट्रॅक्टरच्या धक्क्यांनी आकडा फुगतो. बोटांची पकड मनगटावरून कळत नाही. बाजारातले पावले मोजणारे घड्याळ एका मनगटावर बांधून हाताची प्रगती कळेल, असे तर कोणी मुळीच समजू नये. आणि मुख्य गोष्ट ही की, काट्यावर घातल्याने ऊस वाढत नाही. मेहनत करावीच लागते.

मेहनत किती?

लँग यांनी २००९ मध्ये उपचाराच्या बैठकी प्रत्यक्ष पाहून मोजदाद केली. हाताने काम करण्याचा सराव एका बैठकीत सरासरी ३२ वेळाच होत होता. मेंदूला नवी वाट पाडायला एवढे फार थोडे आहे. उरलेला सराव घरीच व्हायला हवा.

२००६ मध्ये स्टीव्हन वुल्फ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत २२२ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्या माणसांच्या चांगल्या हातात दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ जाड मोजा घातला आणि पडलेल्या हाताकडून कामे करून घेतली. त्याचा फायदा वर्षभर टिकला. मात्र ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत होती, अशीच माणसे त्यात घेतली होती. म्हणून कोणी घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवू नये. आधी फिजिओथेरपिस्टला विचारावे.

डबी नसली तरी

डबी हाताशी नाही म्हणून मोजणी थांबवण्याचे कारण नाही. आम्ही सभासदांना पुढील गोष्टी सुचवतो :

(१) शाळकरी नातवाला एक वही द्या. पेला धरणे, दार लोटणे, शेंगा फोडणे, टॉवेल पिळणे अशी पाच कामे ठरवा आणि पडलेला हात दिवसात किती वेळा कामाला आला, ते लिहा. तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या.

(२) रोग्याला वेळ लागला तरी थांबा. त्याचे काम आपण करू नका.

(३) पडलेला हात ओढून माणसाला उठवू नका. खांदा निखळतो आणि दुखणे कायमचे मागे लागते.

(४) सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त होते, म्हणून "हंगाम संपला की बघू" असे म्हणू नका. पण वर्ष उलटले म्हणून दारही बंद होत नाही.

(५) तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला, बोबडी वळली की घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सी. टी. स्कॅन करूनच. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. आणि रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडू नका.

तात्पर्य हे की, पडलेला हात मेलेला नसतो. त्याला काम द्यावे लागते आणि त्या कामाचा हिशेब ठेवावा लागतो. उसाचा हिशेब आपण किलोकिलोने ठेवतो; घरच्या माणसाच्या हाताचा ठेवायला एक वही पुरे.