सलाईनशेजारची खुर्ची

पहाटे पाचला आमच्या गल्लीत नळ येतो. इतकी वर्षे पाणी मिस्टरच भरत आले. आता हंड्याला हात लावायची त्यांना मनाई आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांना ऑक्सालिप्लॅटिन हे औषध चालू आहे. ते घेतल्यावर गार पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात, गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. म्हणून केमोच्या दिवशी आमच्या पिशवीत आधी कोमट पाण्याचा थर्मास जातो. मग फाईल, रक्ताचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार, शाल आणि डबा.

आठला रुग्णालयाच्या रांगेत. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा असतील तरच औषध मिळते, नाहीतर पुढची तारीख. एकदा आम्ही असेच परत आलो. मिस्टरांचा रोज बुडालाच होता, आमचाही बुडाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद मात्र पहिल्याच भेटीत करून घेतले. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी गाठायचे. खिशातले पैसे भरून मग योजना विचारणारी माणसे आजही भेटतात.

उलटीचे इंजेक्शन झाले की मुख्य सलाईन साधारण दोन तास चालते. एक खाटेवर, एक खुर्चीत. खुर्चीतलीने अनेक वर्षे वॉर्डात सलाईन लावल्या आहेत आणि किती नातेवाईकांना "गर्दी करू नका, बाहेर थांबा" म्हणून दटावले आहे! खुर्चीत बसल्यावर कळले की सिस्टर एक आणि खाटा वीस असतील, तर पेशंटवरची नजर नातेवाईकाचीच असते.

तिसऱ्या खेपेला मिस्टर गप्प पडून होते. हात पाहिला तर सुईच्या जागी सूज. "आग होतेय का हो?" तर म्हणाले, "अर्ध्या तासापासून. सिस्टर कामात होत्या, उगाच कशाला त्रास." आपल्या माणसांना सरकारी दवाखान्यात हाक मारायची लाज वाटते. पिढ्यान्‌पिढ्या बाजूला उभे राहायची सवय लागलेली, ती खाटेवरही सुटत नाही. आम्ही तिथूनच मोठ्याने हाक मारली. सलाईन लगेच बंद झाली, दुसऱ्या हाताला लागली. उशीर झाला असता तर कातडीला इजा झाली असती. सुईजवळ आग किंवा सूज, अंगाला खाज, पुरळ, दम लागणे, छातीत आवळणे, यातले काहीही दिसले की थांबायचे नाही. आधीच्या खेपांना काही झाले नाही, म्हणून पुढे होणार नाही असेही नसते.

संध्याकाळी घरी. पुढचे दोन दिवस लघवी, उलटीतून औषध बाहेर पडते. आमचे शौचालय सार्वजनिक, तेव्हा बादलीभर जास्त पाणी नेऊन ओतायचे. घाण आवरताना हातमोजे घालायचे, कपडे वेगळे धुवायचे. शेजारणींना हे सांगितल्यावर दोघीतिघी बिचकल्या. हा रोग शिवून लागत नाही, एका ताटात जेवले तरी लागत नाही, हेही मग सांगितले. गोळ्या चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. नंतर एक आठवडा सुट्टी.

नवव्या रात्री त्यांचे अंग तापले. थर्मामीटरवर १०१. "एक क्रोसिन दे, सकाळी बघू." रात्रीचे साडेअकरा, रिक्षाचे तीनशे रुपये, खरे तर आमचेही मन कच खाल्ले. पण केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला की गोळीने तो झाकायचा नसतो. पांढऱ्या पेशी कमी असतात, जंतुसंसर्ग काही तासांत अंगभर पसरू शकतो. निघालो. दाराशीच सांगितले, "केमोचा पेशंट आहे, ताप आहे." पेशी फारच कमी निघाल्या. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालली.

केमोच्या वॉर्डात आम्ही एक पाहतो. पुरुषाच्या खाटेशेजारी बायको असते. बाईच्या शेजारी बहीण, लेक, नाहीतर रिकामी खुर्ची. मागच्या आठवड्यात गल्लीतला एक भाऊ दारात आला. त्याच्या बायकोची पहिली केमो गुरुवारी. म्हणाला, "ताई, सासूबाई जाणार होत्या, पण मीच सुट्टी टाकलीय. पिशवीत काय काय घेऊ?"

मिस्टरांनी त्याला आत बसवले आणि थर्मासपासून सांगायला सुरुवात केली.