जुना लॅपटॉप, नवा लॅपटॉप आणि शेवटची खोली

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात एका शाळेत आम्ही शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी गेलो होतो. जेवणाच्या सुटीत गुरुजींनी एक अडचण सांगितली. शाळेत तीन लॅपटॉप होते. दोन २०११-१२ च्या सुमाराचे, एक नवा. कार्यालयातल्या राउटरशेजारी बसलं तरी जुन्यांवर व्हिडिओ उघडायला वेळ लागतो, नव्यावर लगेच उघडतो. "जुन्यांना आता वायफाय पकडत नाही," असा गुरुजींचा निष्कर्ष. ते भंगारात काढावेत आणि धानाचे पैसे हातात आले की गावातून वर्गणी काढून नवे घ्यावेत, असं ठरत होतं. आम्हीही मान डोलावली.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, आमच्या वर्गात त नवाच चालत नाही जी! जुना चालते."

सातवीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला, कार्यालयापासून तीन भिंती पलीकडे. आम्ही तिन्ही लॅपटॉप तिकडे नेले. मुलीचं म्हणणं खरं होतं. जुने हळू का होईना चालत होते, नवा सारखा तुटत होता.

मग खरं कोणाचं? दोघांचंही. गुरुजी बोलत होते वेगाबद्दल, मुलगी बोलत होती पोहोचण्याबद्दल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. शाळेतल्या राउटरसारखे बरेच राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आंदोलनांच्या. त्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. दुसऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबी सुमारे ६ सेंटिमीटर. शाळेतल्या जुन्या लॅपटॉपना फक्त पहिल्या समजतात, नव्याला दोन्ही.

दुसऱ्या पट्टीत जागा जास्त आणि गर्दी कमी, म्हणून वेग चांगला मिळतो. पण लहर जितकी आखूड, तितका तिला पकडणारा अँटेनाही लहान. लहान तोंडाच्या भांड्यात पावसाचं पाणी कमी जमावं, तसंच हे. मोकळ्या जागेत, तेवढ्याच अंतरावर, त्याच घडणीचा अँटेना ५ गिगाहर्ट्झला २.४ च्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा शक्ती पकडतो. शिवाय विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतींत या लहरी जास्त शोषल्या जातात. लांबच्या वरातीतला ढोल घरात ऐकू येतो, सनई येत नाही. ध्वनी आणि रेडिओ लहरी वेगळ्या, पण अनुभव साधारण असाच.

शाळेच्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं. नवा लॅपटॉप कार्यालयात वेगवान पट्टीला जोडला गेला आणि सातवीच्या वर्गात पोहोचला तरी तिलाच चिकटून राहिला. जुन्याला निवडच नव्हती. तो लांब पल्ल्याच्या पट्टीवरच होता.

आम्ही राउटरमध्ये दोन पट्ट्यांना दोन नावं दिली आणि नवा लॅपटॉप २.४ वर जोडला. आता शेवटच्या खोलीत तो जुन्यांपेक्षा चांगला चालू लागला. म्हणजे नव्याची ग्रहणशक्ती कमी नव्हतीच. आपण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत होतो.

मग नव्याचा वेग कुठून येतो? एक, नियमांतून. २.४ गिगाहर्ट्झ पट्टीच्या १९९९ च्या वायफाय मानकात कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट होता, २००३ मध्ये ५४ झाला. २००९ च्या मानकाने एकाच वेळी अनेक अँटेना वापरून माहितीचे वेगवेगळे प्रवाह पाठवण्याची सोय केली. दोन, अँटेनांतून. ते बहुधा पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळ लपलेले असतात. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये कधी एकच असतो, नव्यांत सहसा दोन. भिंतींवरून परतलेल्या लहरी एका ठिकाणी एकमेकींना मारतात, तर चार बोटं पलीकडे एकमेकींना बळ देतात. दोन अँटेना असले की एक कमी पडला तरी दुसरा सावरतो. मात्र धातूच्या कवचाचा लॅपटॉप नीट रचलेला नसेल, तर नवा असूनही मागे पडतो.

हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. व्हरांड्यात खडूने दर दोन मीटरवर खुणा करा. दोन्ही लॅपटॉप एकाच पट्टीवर जोडा. ते एकाच वेळी शेजारी ठेवू नका. आळीपाळीने त्याच खुणेवर, त्याच उंचीवर, त्याच दिशेला तोंड करून ठेवा. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती शक्तीला किती दांड्या, हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. शक्ती आकड्यांत दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतला आकडा ऋण असतो: उणे ६० म्हणजे एका मिलिवॉटचा दहा लाखावा भाग, आणि उणे ७० म्हणजे त्याच्याही दहावा हिस्सा. मुलांना घातांक शिकवण्याची याहून चांगली संधी कुठली? प्रत्येक खुणेवर लॅपटॉप थोडा थोडा सरकवून पाच नोंदी घ्या आणि मधली निवडा. आकडे मोजण्यात दोन यंत्रांत थोडा फरक असतोच, म्हणून शेवटी कार्यालयातल्या संगणकावरून एकच मोठी फाइल उतरवून घड्याळ लावा. इंटरनेटवरून नको, कारण बाहेरची लाइन सतत कमीजास्त होते. एकदा वर्ग रिकामा असताना मोजा, एकदा भरलेला असताना. आपलं शरीर बरंचसं पाण्याचं आहे आणि पाणी या लहरी शोषतं.

मुलांनी हेच करून पाहिलं, तेव्हा राउटरच दोषी निघाला. तो लोखंडी कपाटामागे ठेवला होता. धातूवरून या लहरी परततात, त्यामुळे व्हरांड्याच्या बाजूला कपाटाची सावली पडत होती. राउटर कपाटामागून काढून दाराजवळ उंच फळीवर ठेवला आणि शेवटच्या खोलीतले आकडे तिन्ही लॅपटॉपवर सुधारले. खर्च एका लांब वायरचा.

जुन्यांचा वेग काही वाढला नाही. त्यांचं आयुष्यही कधीतरी संपणारच. पण पाठ वाचायला, चित्रं पाहायला ते पुरेसे आहेत, आणि वर्गणीचा विचार आता प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी चालू आहे. 'यंत्र खराब आहे' हे वाक्य ऐकलं की आम्ही आता आधी विचारतो: कुठे, कशाच्या तुलनेत, आणि बाकी सगळं सारखं ठेवून पाहिलं का? हा प्रश्न आम्हाला सातवीतल्या मुलीने शिकवला.