माहुल : गोळी लिहिण्याआधी

मुंबईत चेंबूरच्या टोकाला रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांना खेटून वसलेल्या माहुलची गेली काही वर्षे दमा-खोकल्याच्या तक्रारींतच मोजली गेली. याच वर्षांत मनाच्या औषधांचे नियमही कडक होत गेले.

२०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या पाहणीत माहुल-आंबापाड्यातल्या ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागते असे सांगितले, ८४.५ टक्क्यांना घुसमटल्यासारखे होई. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बजावले, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या ताणावर किंवा निद्रानाशावर बेंझोडायझेपिन या शामक गटातल्या गोळ्या देऊ नयेत. मार्च २०१४ पासून याच गटातल्या अल्प्राझोलाम, डायझेपाम आपल्याकडे ‘एच-१’ परिशिष्टात आल्या. केमिस्टला रुग्णाची आणि डॉक्टरची नोंद ठेवणे बंधनकारक झाले.

२०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून कुटुंबे इथेच पाठवली गेली. त्याच वर्षी संमत झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की कुणाची आर्थिक-सामाजिक स्थिती हा मनोविकार ठरवण्याचा आधार असू शकत नाही.

खरी अडचण दवाखान्यात येते. घुसमट, धडधड, उडालेली झोप ही चिंताविकाराची लक्षणे, तशीच दूषित हवेचीही. दम्याच्या साल्ब्युटामॉलनेही छाती धडधडते, हात थरथरतात. अशा माणसाला घाईने ‘टेन्शन’ची गोळी दिली, तर सवय लागू शकतेच, शिवाय फुप्फुसे आधीच अधू असतील तर श्वास आणखी मंदावू शकतो. उलट, घर-रोजगार गमावून खरोखर नैराश्यात गेलेल्याला ‘हवेमुळे होतंय’ म्हणून परत पाठवणे हाही अन्यायच. त्याला उपचार मिळायलाच हवेत, फायदे-तोटे समजावून आणि त्याच्या संमतीने.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुणालाही सक्तीने माहुलला पाठवू नका आणि दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. २०२० मध्ये लवादाने हवेच्या प्रदूषणाबद्दल इथल्या चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली. न्यायसंस्थेने आजाराचे कारण हवेत शोधले. डॉक्टरांनीही रुग्ण कुठे राहतो, तिथे काय हुंगतो, हे गोळी लिहिण्याआधी विचारावे.